मामांच्या परवानगीचा उन्हाळा

आमच्या घरात ऋतू सासऱ्यांच्या परवानगीनं बदलायचे. गुढीपाडवा झाल्याशिवाय माळ्यावरचा कूलर खाली उतरायचा नाही, दसरा झाल्यावर पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि गोधड्या दिवाळीनंतरच बाहेर काढायच्या. मार्चमध्ये मुलाची पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती. मी कूलर काढू का म्हणून विचारलं, तर दिवाणावर पाय पसरून बसलेले सासरे माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आजून उनाळा लागला न्हाई." ते म्हणाले म्हणजे लागला नाही. पोरानं खाजवत बसायचं.

मी भोकरची. लग्न होऊन अहमदपूरला आले, तेव्हा शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यात मला शाळेची नोकरी लागलेली होती. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपार टळल्यावर यायचं. सासऱ्यांचं मोंढ्यात आडत दुकान. ते माझ्या यजमानांनी सांभाळायचं आणि सासऱ्यांनी घरी बसून त्याच्यावर हुकूम सोडायचे, अशी वाटणी होती. दुकानापेक्षा त्यांना मोठा मान होता तो पावसाच्या अंदाजाचा. मी या घरात यायच्या आधी कधीतरी, सगळं आभाळ कोरडं असताना त्यांनी चार शेतकऱ्यांना "पेरा" म्हणून सांगितलं होतं आणि पेरण्या उरकताच पाऊस पडला होता. बास. त्या एका पावसावर हा माणूस उरलेलं आयुष्य बसून राहिला. खेड्यापाड्यातली माणसं बाजाराला आली की बैठकीत डोकावायची. "मालक, कसं दिसतंय?" मग मालक दारात जायचे, आभाळाकडं डोळे बारीक करून बघायचे, परत येऊन बसायचे आणि बराच वेळ काहीच बोलायचे नाहीत. ते न बोलणं लोकांना फार आवडायचं. शेवटी ते म्हणायचे, "येईल. पर टाइम लागंल." यात चुकण्यासारखं काय होतं, ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही. प्रत्येकाच्या खिशात हवामान सांगणारा मोबाईल असताना ती माणसं मान डोलावत उठायची, याचंही नवल मला अजून वाटतं.

घर त्यांनी स्वतः बांधून घेतलेलं. समोर मोठी बैठक, तिला दोन खिडक्या, समोरासमोर दारं, वारा सरळ आरपार. उन्हाळ्यात कूलर तिथं, हिवाळ्यात सकाळचं ऊन तिथं, पावसाळ्यात कोरडी जागा तीच. मधली खोली अंधारी. आणि सगळ्यात मागं स्वैपाकघर. मधल्या खोलीपर्यंत स्लॅब आला आणि तिथं थांबला. स्वैपाकघरावर पत्रे. पश्चिमेला सबंध भिंत, तिला खिडकी नाही. दुपारी तीनला त्या भिंतीला आतून हात लावला तर तव्याला लावल्यासारखं व्हायचं.

माझ्या सासूबाईंचं आयुष्य त्या पत्र्याखाली गेलं. त्या किरकोळ अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा; त्यांची मुलं अव्वा आणि अप्पा म्हणायची. हिवाळ्यात त्या सगळ्यांच्या आधी उठून मागच्या अंगणात बंब पेटवायच्या. पहिलं गरम पाणी सासऱ्यांना, मग मुलाला, मग नातवाला, आणि त्यांची स्वतःची वेळ यायची तेव्हा बंब गार पडलेला असायचा. पावसाळ्यात सासऱ्यांची धोतरं वाळत नसत म्हणून त्या शेगडीच्या वर दोरी बांधून ती वाळवायच्या, आणि भाकरीच्या पिठाचा वास धोतराला लागला म्हणून बोलणी खायच्या. उन्हाळ्यात त्या पदर ओला करून डोक्यावर घ्यायच्या आणि भाकरी थापत राहायच्या. पदर दोन भाकरींत कोरडा व्हायचा.

मी आल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात विषय काढला होता. म्हटलं, मामा, मागच्या भिंतीत एक खिडकी पाडून घेऊ.

"कशाला?"

"आत्यांना लई उकडतं."

"तिनं सांगितलं का तुला?"

त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी कधीच काही सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी आत हाक मारली, "काय गं, उकडायलं का तुला?" आतून उत्तर आलं, "न्हाई." सासऱ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मोठा खटला जिंकला. मी यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अप्पांना विचारतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की त्यांनी ते कपाळावर गोंदून घेतलं असतं तर आमचा दोघांचाही वेळ वाचला असता.

मग तो मे महिना आला. शाळेला सुट्ट्या, मी घरीच. सासूबाईंनी कुरडयांचा गहू भिजत घातला होता. हे काम पहाटे सुरू करून उन्हं चढायच्या आत संपवायचं असतं. चीक शिजवायचा, सोऱ्यात भरायचा आणि गच्चीवर साड्या अंथरून त्यांच्यावर गोल गोल कुरडया पाडायच्या. आम्ही पहाटेच पातेलं चढवलं होतं. पण त्याच दिवशी सकाळी सासऱ्यांकडं खेड्यावरची माणसं आली, पेरणीचं विचारायला. मे महिना अर्धा सरायचा होता, आणि यांना पेरणीची घाई. बैठकीतून हाक आली, "च्या टाका." सासूबाई जिना उतरल्या. चहा देऊन वर आल्या, तोवर "पोहे करा". पुन्हा खाली. मी म्हणाले, आत्या, मी करते पोहे, तर म्हणाल्या, "तू सोऱ्या धर. माझ्या हातची त्येंला सवय हाय." असं वर-खाली करण्यात उन्हं डोक्यावर आली. गच्चीवर पाय ठेववेना.

"राहू द्या आता," मी म्हटलं.

"चीक वाया जातो माय," त्या म्हणाल्या आणि शेवटच्या कुरडया पाडून झाल्यावरच उठल्या. खाली जाऊन त्यांना पाहुण्यांच्या जेवणाच्या भाकरी करायच्या होत्या. मी साड्यांच्या कडांवर विटा ठेवत वरच होते. खालून परात पडल्याचा आवाज आला. मी आधी लक्ष दिलं नाही. मग परातीनंतर काहीच आवाज आला नाही, तेव्हा मी धावले.

त्या शेगडीजवळ आडव्या पडल्या होत्या. हाताला पीठ तसंच. अंगाला घामाचा टिपूस नव्हता आणि कातडी मात्र चटका बसावा इतकी तापलेली. डोळे अर्धे उघडे. मी ओरडले, तेव्हा भिंतीपलीकडच्या वहिनी आल्या. त्या ब्लाउज शिवतात, बोलायला फटकळ, सासऱ्यांना त्यांचं नावही चालत नसे. आम्ही दोघींनी सासूबाईंना उचललं. घरात गार जागा एकच होती.

बैठकीत कूलर घोंघावत होता. सासरे दिवाणावर, पाहुणे खुर्च्यांवर. आम्हाला दारात बघून सासरे म्हणाले, "हितं कुठं आणायलाव? माणसं बसलीत."

वहिनी म्हणाल्या, "माणसंच बसलीत ना? मग उठतील."

पाहुणे खरोखरच उठले. त्यातल्या एकानं तर सासूबाईंचे पाय धरून त्यांना दिवाणावर घ्यायला हात लावला. सासरे मात्र शेवटी उठले, आणि उठताना आपला पानाचा डबा उचलायला विसरले नाहीत. तो डबा हातात घेऊन ते कोपऱ्यात उभे राहिले, एखाद्या लग्नात आपली जागा दुसऱ्यानं घेतल्यावर माणूस उभा राहतो तसे. म्हणाले, "पाणी मारा तोंडावर. उठंल. तिला उनाची सवय हाय."

मी माठातलं पाणी चादरीवर ओतलं, चादर त्यांच्या अंगावर टाकली. वहिनी रिक्षा घेऊन आल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या बर्फ मागवला, सलाईन लावलं आणि मला विचारलं, "शेतात होत्या का?" मी म्हटलं, स्वैपाकघरात. थोड्या वेळानं यजमान दुकानातून धावत आले. आईच्या कपाळावर हात ठेवला, मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "अप्पा जेवले का?"

मी या माणसाबरोबर संसार केला आहे, करते आहे. तो वाईट नाही. पण त्या दुपारी दवाखान्याच्या त्या जिन्यात मला त्याच्याकडं बघवेना. मी म्हटलं, "भाकरी परातीसकट खाली पडली. उचलून खाल्ली असंल तर जेवले असतील."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सासरे आले. त्याआधी बाहेर पडणं तब्येतीला चांगलं नसतं, हे त्यांना स्वतःबद्दल नेमकं ठाऊक होतं. धुतलेलं धोतर, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. खुर्ची ओढून बसले, सलाईनच्या बाटलीकडं आभाळाकडं बघावं तसं डोळे बारीक करून बघितलं. "सलाईन संपलं की घरी न्या," मला म्हणाले. "हितं डास हाईत." मग सासूबाईंना म्हणाले, "वरल्या कुरडया उलटायच्या राहिल्यात. उद्या येशील तवा बग."

सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी ऐकलं. उत्तर दिलं नाही, तोंड भिंतीकडं वळवलं. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या बोलण्यावर तोंड वळवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. सासऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते वॉर्डबॉयला पाऊस कधी येणार ते सांगत होते.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून माझी नणंद आली. ती शिकवण्या घेते, तिचे यजमान कारखान्यात कामाला. तिनं आईचं गाठोडं बांधलं आणि बैठकीत येऊन सांगितलं, "अप्पा, अव्वाला मी न्यायलेय."

"ने की," सासरे म्हणाले. "चार दिवस राहून यिऊ दे. हवापालट हुईल." अहमदपूरहून नांदेडला हवापालट! पण परवानगी दिल्याचं समाधान त्यांना मिळालं आणि सासूबाई गेल्या.

चार दिवसांचे महिने झाले. मिरग लागला तेव्हा त्यांनी नांदेडला फोन लावला. मी भाजी निवडत समोरच होते. "मिरग लागलाय," त्यांनी एखादी सरकारी घोषणा करावी तसं सांगितलं. "हवा गार झाली. ये आता." पलीकडून "बरं" एवढं ऐकू आलं असावं. त्यांना वाटलं, बरं म्हणजे येते. कोणी आलं नाही. पोळ्याच्या आधी पुन्हा फोन. तेव्हा पलीकडून "अशक्तपणा हाय" असं आलं. त्यानंतर महालक्ष्म्यांच्या वेळी त्यांनी फोन केला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "न्हाई." पुढं काही नाही. कारण नाही, निमित्त नाही. सासरे फोन कानाला तसाच लावून बसले होते. शेवटी मला म्हणाले, "लाइन कटली वाटतं." लाइन चालू होती. नणंदेच्या घरातला टीव्ही मला इथं ऐकू येत होता.

दरम्यान त्यांचा पावसाळा माझ्या गळ्यात पडला होता. मी सकाळी भाकऱ्या करून, झाकून एसटी पकडायचे. त्यांना तव्यावरची भाकरी लागायची. गार भाकरी ते असा चेहरा करून खायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस देशासाठी तुरुंगात आहे. धोतरं मी धुवून बैठकीतल्याच दोरीवर टाकायचे, कारण बैठकीत वारा होता. पाहुण्यांच्या डोक्यावर ओली धोतरं लोंबायची. एके दिवशी म्हणाले, "धोतराला वास यायलाय."

मी म्हटलं, "पावसाळा हाय, मामा."

पावसाळा आहे, असं त्या घरात त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याची ही पहिलीच वेळ असावी.

महालक्ष्म्या झाल्यावर भावकीतले काही मोठे लोक बैठकीत जमले. सासूबाईंना समजावून आणायला कोणी जायचं, हा विषय. मी पोहे दिले. एक चुलत सासरे पोह्यांवर शेव घेत म्हणाले, "या वयात बाईमाणसानं लेकीच्या दारात राहणं बरं दिसत न्हाई." दुसरे म्हणाले, "लोकं इचारायलेत." लोक म्हणजे हेच, दुसरं कोणी विचारत नव्हतं. तिसऱ्यांना मी दोष देत नाही, ते झोपले होते. ऊन लागून ती बाई मरायला टेकली होती, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. मी ते बोलले. तेव्हा पोह्यांची ताटली खाली ठेवून चुलत सासरे म्हणाले, "अगं, उनाळ्यात ऊन लागतंच." मग ते सगळे नांदेडला गेले, तिथंही नाष्टा करून आले, आणि सांगितलं की ती आजून येणार नाही म्हणते. यासाठी त्यांना भाड्याची जीप लागली होती.

त्या वर्षीच्या पावसानं सासऱ्यांची एक मोठी फजिती केली. सप्टेंबर सरत आला, चार दिवस लख्ख ऊन पडलं. बैठकीत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, "गेला पाऊस. सोयाबीन काढून टाका." मोबाईल वेगळंच सांगत होते. माझ्या शाळेतली सातवीची पोरंसुद्धा सांगत होती. पण मालक म्हणाले म्हणून लोकांनी सोयाबीन कापून शेतात पसरलं. आमची थोडी शेती, तिथलंही पसरलं. मग आभाळ फाटलं. ओढे रस्त्यावर आले, एसटी बंद झाली, आणि पाणी ओसरल्यावर शेतात बघायला गेलो तर शेंगांना मोड आले होते. मला वाटलं, आता तरी हा दरबार उठेल. सासऱ्यांनी दोन दिवस बैठकीचं दार लोटून घेतलं. तिसऱ्या दिवशी उघडून बसले आणि पावसाला शिव्या द्यायला लागले. "हा काई पाऊस हाय का? हा पाऊसच न्हाई." म्हणजे चूक पावसाची. आणि पुढच्याच बाजाराला, ज्याचं सगळं सोयाबीन आमच्याइतकंच कुजलं होतं, तो माणूस दारात उभा. "मालक, हरबऱ्याचं कसं?" मी त्या दिवशी आत जाऊन शेगडी घासत बसले. दुसरं काय करायचं, सुचलं नाही.

हिवाळ्यात येळवस आली. आमच्याकडं लातूरच्या भागात या अमावस्येला सगळं गाव ओस पडतं आणि सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याच्या खोपीत पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जी म्हणजे साऱ्या ओल्या शेंगा, भाज्या आणि बेसन मिळून होणारा एक घट्ट, हिरवट प्रकार. तो करणं म्हणजे घरातल्या बाईची कसोटी समजतात. त्या वर्षी तो मी केला. पहाटे उठून, वहिनींना मदतीला घेऊन. सासऱ्यांनी आठवडाभर आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "येळवसला ती येणार." कोणी सांगितलं त्यांना? कोणी नाही. आभाळाबद्दल सांगायचे, तसंच सांगितलं.

आणि त्या आल्या. नणंद, तिचे यजमान आणि सासूबाई, दुपारच्या थोडं आधी, बांधावरून चालत. मी ओळखलंच नाही क्षणभर. तोंड भरलेलं, अंगात जांभळ्या रंगाचा स्वेटर, पायात बूट. बूट! सासरे खोपीजवळ उभे होते. त्यांची छाती पुढं आली. आजूबाजूच्या शेतातल्या लोकांकडं त्यांनी बघून घेतलं, की बघायलेत ना सगळे.

सासूबाईंनी पूजा केली, खोपीला फेरा घातला. मग मी पदर खोचून वाढायला लागले, तर सवयीनं त्यांचा हात भज्जीच्या पातेल्याकडं गेला. गेला आणि थांबला. त्यांनी हात मागं घेतला, पंगतीत जाऊन बसल्या. पुरुषांच्या पंगतीत, पहिल्या पंगतीत, जावयाच्या शेजारी. मी त्यांना वाढलं. त्यांनी चव घेतली आणि म्हणाल्या, "मीठ जरा कमी हाय. पर चांगली झाली."

सासरे त्यांच्या समोर बसले होते. जेवता जेवता म्हणाले, "आता थंडी पडली. तिकडं नदीचा वारा, बाधतो. आजच चल गाडीत."

सासूबाईंनी आंबील पिऊन वाटी खाली ठेवली. "मला बाधत न्हाई," त्या म्हणाल्या.

"आगं पर घर—"

"घरात सून हाय. ल्योक हाय. तुमी हाव." त्यांनी हात धुतला. "मला तिथं बरं वाटतं."

एवढंच. मोठा आवाज नाही, रडणं नाही. सासऱ्यांनी माझ्या यजमानांकडं पाहिलं. यजमानांनी भज्जीकडं पाहिलं. उन्हं कलायच्या आत ती तिघं बांधावरून परत गेली. संध्याकाळी सासरे एका शेतकऱ्याला सांगत होते, "मीच म्हणलं, ऱ्हा आणखी थोडे दिवस. पोरीला सोबत हुती."

उन्हाळा पुन्हा आला, तेव्हा मी कोणाला काही विचारलं नाही. मार्चमध्ये कूलर खाली काढला आणि मधल्या खोलीत लावला. आणि एका रविवारी गवंडी बोलावून स्वैपाकघराची पश्चिमेची भिंत दाखवली. तो म्हणाला, "मालकाला इचारलं का?" मी म्हटलं, "मालकीण मी हाय. फोड." पहिला घाव बसला, तेव्हा यजमान दारात आले. चेहरा पांढरा.

"अप्पांना विचारलं का?"

"न्हाई."

ते उभे राहिले. बैठकीतून खोकल्याचा आवाज आला. मग, कबूल करायला हवं, हा माणूस आत जाऊन घमेलं घेऊन आला आणि पडलेल्या विटा गोळा करायला लागला. त्याच्या आयुष्यातलं तेवढं एक काम मी लक्षात ठेवलं आहे. सासरे दिवसभर बैठकीतून उठले नाहीत. धूळ आत आली म्हणून दार लावून घेतलं.

खिडकी बसली, पत्र्याच्या खाली मी थर्माकोलचं छत करून घेतलं. मग नांदेडला फोन लावला. मला वाटत होतं, आता येतील. खरंच वाटत होतं. मी सांगितलं, आत्या, खिडकी केली, मोठी केली, आता अजिबात उकडत नाही.

त्या म्हणाल्या, "बरं केलंस माय. तुला बरं पडंल." मग म्हणाल्या, "मी येत न्हाई पर."

तिसऱ्याच दिवशी दुपारी शाळेतून आले, तर सासरे स्वैपाकघरात. खिडकीसमोर खुर्ची टाकून, पाय फरशीवर पसरून बसलेले. पश्चिमेचा वारा संध्याकाळी तिथूनच आत येतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं. आता आल्यागेल्याला सांगतात, "सैपाकघर हवेशीर पायजे. मी पाडून घेतली ही." मी तिथंच पोळ्या लाटत असते. लाटत राहते. एकदा फक्त म्हटलं, "मामा, जरा सरका, कचरा काढायचाय," आणि त्यांच्या पायाखालून केरसुणी जोरात फिरवली.

यंदा श्रावणात मी नांदेडला गेले होते. नणंदेचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोनच खोल्या, पण स्वैपाकघराला लागून गॅलरी आहे. सासूबाई त्या गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. पावसाची भुरभुर चालू होती, त्यांचे पाय भिजत होते आणि त्या ते भिजू देत होत्या. संध्याकाळी इमारतीतल्या बायकांबरोबर गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जाऊन येतात, असं नणंद म्हणाली. मी त्यांना घरातलं सगळं सांगितलं. मुलाचं, दुकानाचं, वहिनींच्या नव्या शिलाई मशीनचं. सासऱ्यांचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "आत्या, मामांची आठवण येती का?"

त्यांनी खरंच विचार केला. शेंग हातात धरून, भुवया आवळून. "आवाज आठवतो," त्या म्हणाल्या. "बैठकीतनं हाक मारायचे, तो. तोंड म्हणलं तर येत न्हाई डोळ्यापुढं. आत बसून तोंड कुठं दिसायचं?"

खालून बायकांनी हाक मारली. पाऊस थांबला होता. सासूबाईंनी शेंगांची ताटली माझ्या मांडीवर ठेवली, चपला घातल्या, आणि जिना उतरताना वळून म्हणाल्या, "चहा तू करून घे. साखर वरल्या डब्यात हाय."